पुढच्या सीटचं वजन

पाणसळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांत यायला तयारच नव्हता. मागच्या चाकाखाली तानाजीनं आणखी एक पातळ फळी सरकवली — आता आला, आला... छे, गेला पुढं. वाऱ्यानं ते दोन सीटचं छोटं विमान डुलू नये म्हणून शेडचं दार ओढून घेतलेलं, आत पेट्रोलचा वास कोंडलेला, आणि पुढच्या सीटवर धाकटा भाऊ विश्वजित फोटोला बसवल्यासारखा ताठ.

"हलू नगंस रं."

"हलतोय कवा, दादा? श्वाससुदीक जपून घेतोय."

जुनं जड इंजिन काढून नवं हलकं बसवायची हौस विश्वजितचीच. त्यानं विमानाचं नाक हलकं झालं आणि सगळा तोल पुढच्या सीटवरच्या माणसावर येऊन पडला. माणूस हलका असला की शेपूट जड, मग नाक वर जातं आणि खाली म्हणून येत नाही. फौजेत हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात उमर गेलेल्या तानाजीला हे कुणी सांगायला नको होतं. त्यानं चाकांखालच्या वजनकाट्यांचे आकडे पाहिले. उन्हाळ्यात तोललं होतं तेव्हाचेच. विश्वजितचं वजन तसूभर घटलेलं नाही — वा रे वा! मग ही गळ्याभोवती लोंबणारी कॉलर, हे कोपरापर्यंत घसरणारं घड्याळ, ते काय? माझे डोळे गेले का काय?

उरलासुरला तोल साधायला शिशाचा तुकडा घ्यावा म्हणून त्यानं फळीवरचा डबा ओढला. डबा चटकन हातात आला... रिकामा. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून त्यानं स्वतः ओतलेले तुकडे. कालच डबा उचलताना कंबर धरली होती. तो वळला. एवढ्या उकाड्यात विश्वजितच्या अंगात जाकीट, आणि त्याचे खिसे मांड्यांवर टेकलेले.

कुणाला फसवतोय हा? आणि वडील आठवले, आबा — इस्लामपूरच्या घरी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडणारे, "उसाच्या लागणीत अंग उतरतंच" म्हणणारे आबा. मग मिरजेच्या खेपा. दवाखान्याचा जिना आबांना पाठीवर घेऊन चढला तो विश्वजित; तानाजी तेव्हा सीमेवर. "दादा, आबा लेकरागत हलकं झाल्यात," फोनवर म्हणाला होता. म्हणजे ह्याला पुढचं सगळं ठाऊक आहे... ठाऊक आहे म्हणून तर लपवतोय. कानशिलात ठेवून द्यावी असा संताप आला तानाजीला.

"मग? उद्या काढायचं न्हवं भायेर?" विश्वजित हसला. दात फार मोठे दिसले.

"जाकीट काढ. खिसं मोकळं कर, आन् परत बस."

हसू तसंच राहिलं, नुसतं कोरडं पडलं. "दादा... एकदा उडू दे की. डाक्टर मग हायतच."

"बस म्हनलं न्हवं!"

जाकीट धाडकन फरशीवर पडलं. सीट करकरली. विमानाचं काय अडत होतं? कमी भरेल तेवढं शिसं नाकात आवळलं की ते बिनबोभाट उडेल. पुढच्या महिन्यात आणखी थोडं, मग आणखी — हिशेब आपोआप पुढं पळायला लागला आणि तानाजीला स्वतःचीच भीती वाटली.

"बसलो, दादा. बघ किती भरतंय."

काट्याशिवाय आयुष्यात कुणाचं खरं न मानणारा तानाजी काट्यांकडं पाठ करून उभा राहिला. काटाच बिघडलेला निघावा, एवढंच त्याला वाटत होतं.