खुंटीवरची निळी बॅग

बॅग खुंटीवर होती, आणि खुंटी वामनराव पाटलांच्या ओसरीतली होती — निळी, रेक्झिनची, पट्ट्याला पांढरी शिवण, पोटावर पंख पसरलेला पक्षी आणि त्याखाली विमान कंपनीचं इंग्रजी नाव. शेजारच्या खुंटीला बैलांच्या घुंगुरमाळा, त्यापलीकडे पाटलांचा फेटा. इंद्रभान अंगणातच थबकला. वैशाख नुकताच लागलेला, उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, दुसरीच कुणाची बॅग असेल, असं क्षणभर त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण पट्ट्याच्या टोकाला शाईचा डाग होता, आणि तो डाग त्याच्याच पेनाचा, लंडनच्या वाटेवर विमानात आपोआप गळलेल्या पेनाचा... तो ओळखण्यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

ही बॅग त्याने बापाला दिली होती. परदेशातून परत आल्यावर स्वतःच्या हाताने, आतमध्ये एक लोकरी मफलर आणि चहाचा डबा घालून. उकंडरावांनी ती छातीशी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी, आणि आत नेऊन ठेवली होती. आणि आता ती इथे लटकत होती — ज्या घरात उकंडरावांची उभी हयात सालदार म्हणून, सालभराच्या बोलीवर राबण्यात गेली, त्याच घराच्या ओसरीत.

"ये इंद्रभान, ये. अंगनात काऊन उभा राह्यला? खुर्ची घे." वामनराव झोपाळ्यावरून म्हणाले. त्यांच्या शेजारी रोहिणखेडचे त्यांचे सोयरे शेषराव पान जुळवत बसले होते. आणि ओसरीच्या पायरीखाली, खांबाच्या सावलीत, बा. अंबाडीचा दोर वळत होता. मुलाला पाहून त्याचे हात थांबले नाहीत, डोळे तेवढे हसले.

खुर्ची होती. लोखंडी, हिरव्या पट्ट्यांची, अगदी समोर. इंद्रभान लहान असताना या पायरीच्या वर त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं, आणि आता वामनराव दोन्ही हातांनी ये म्हणत होते, मनापासून म्हणत होते, माणूस वाईट मनाचा नव्हता हीच तर सगळी पंचाईत होती. पण त्या खुर्चीवर बसलं की पायाशी बा येणार... तो बसला नाही. बस पकडायची आहे असं काहीतरी पुटपुटत तो उभाच राहिला.

"पाह्यलं का शेषराव," वामनरावांनी मानेने खुंटीकडे खूण केली, "इमानातली बॅग हाये थे. आमच्या उकंड्याच्या पोरानं आनली. थेट लंडनहून. आमचाच हाये थो."

शेषरावांनी कौतुकाने मान डोलावली. बाचीही मान डोलली, दोर वळता वळता. आणि इंद्रभानच्या कानशिलात कोणीतरी निखारा ठेवावा तसं झालं — आमचाच. हा शब्द त्याने याच आठवड्यात आणखी एकदा ऐकला होता, आणि तेव्हा, खरं सांगायचं तर, त्याला फार बरं वाटलं होतं.

मुंबईत, फोर्टातल्या एका पंख्याखाली. तिकिटांचा एजंट, गुळगुळीत दाढी, टेबलाच्या काचेखाली जगाचा नकाशा. खामगावच्या ज्या तेलगिरणीत इंद्रभान केमिस्ट होता, तिची सरकीची ढेप आता विलायतेच्या गुरांनाही गोड लागू लागली होती, आणि गिरणीच्या शेठजींना इंग्रजीचं वावडं असल्याने तिकडच्या व्यापाऱ्यांशी बोलायला वर्षातून तीन-चार खेपा इंद्रभाननेच करायच्या असं ठरलं होतं. पहिली खेप झाली. जाताना परदेशी कंपनीचं विमान मिळालं, येताना आपल्या देशाचं. एकाने निळी बॅग दिली, दुसऱ्याने लाल. एजंट हसून म्हणाला होता, "साहेब, नवा प्रवासी एक चूक हमखास करतो. आज ह्याच्या विमानात, उद्या त्याच्या. असं करू नका. एक कंपनी धरा आणि तिचेच होऊन राहा. मग बघा, पुढची खुर्ची, सामानाचं वजन वाढलं तर काणाडोळा, विमान सुटेपर्यंत बसायला गार खोली. काउंटरवर नुसतं नाव सांगायचं, ते म्हणतील, हे आमचेच." कोणती कंपनी ते आज संध्याकाळपर्यंत त्याला फोनवर कळवायचं होतं, पुढच्या खेपेचं तिकीट त्यावर अडलं होतं.

आज दोन कामं होती खरं तर. हे एक, आणि दुसरं, ज्यासाठी तो पहाटेच खामगावहून निघून शेगाव करत संग्रामपूरच्या पलीकडच्या या गावात आला होता — उद्या अखजी. अक्षयतृतीयेला जुनी सालं सुटतात आणि नवी ठरतात. पानसुपारी हातावर पडली की गडी पुढच्या अखजीपर्यंत त्या घरचा. धोतरजोडा, वहाणा, घोंगडी, ज्वारी, आणि मधे सोडायचं नाही. ती पानसुपारी पडायच्या आत बाला इथून काढून न्यायचं होतं. दरवर्षी तो हेच ठरवायचा आणि दरवर्षी उशिरा यायचा. यंदा एक दिवस आधी आला होता.

दोर तसाच ठेवून बा त्याच्यासोबत घराकडे निघाला. उत्तरेला सातपुडा उन्हात विटका दिसत होता. बा पुढे, तो मागे. बाच्या पायात नव्यासारख्या वहाणा होत्या, गेल्या अखजीला सालात मिळालेल्या, जपून वापरलेल्या. विमानात त्यानेही पायातले बूट असेच जपले होते, पुढच्या सीटखाली पाय घालताना टोक घासू नये म्हणून... येतानाच्या विमानात, आपल्या देशाच्या. तिथे दही होतं, लोणचं होतं, आणि शेजारी एक गृहस्थ होते, मराठी निघाले. गाव विचारलं. खामगाव म्हटल्यावर खुलले, त्यांची कुणी आत्या तिथे होती. मग विचारलं, आडनाव काय आपलं? त्याने सांगितलं, तायडे. गृहस्थ "अच्छा" म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. बस, एवढंच. कदाचित त्यांना खरंच वाचायचं असेल. वर्तमानपत्र काय, कुणीही उघडतं. पण मग मुंबईपर्यंत ते मिटलं नाही, आणि मी त्या दह्याच्या वाटीत चमचा फिरवत बसलो, बी.एस्सी. झालेला, लंडनला टेबलाच्या एका बाजूला बसून ढेपेचा भाव वाढवून आलेला मी... उलट जातानाच्या विमानात कुणी काही विचारलं नाही. तिथल्या बाईने वाकून अंगावर घोंगडी घातली आणि नावाआधी मिस्टर लावलं, आणि त्या एका शब्दासाठी त्याने तिला दोनदा थँक्यू म्हटलं होतं, त्याची त्याला अजून लाज वाटत होती. तिला तर ते शंभर जणांना म्हणायचं असतं.

मग निळीच कंपनी धरावी, यात विचार तो काय करायचा? पण विचार सुटत नव्हता, आणि आता तर बॅग त्या ओसरीत टांगलेली होती.

मायने, जनकाबाईने, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मुलाचं तोंड बघून चुलीकडे गेली. 

"बा, बॅग त्याइच्या घरी काऊन देल्ली?"

"देल्ली नाई. टांगली."

"टांगली म्हंजे?"

"म्हंजे टांगली." उकंडराव भिंतीला टेकून उकिडवे बसले. "आपल्या घरी टांगली असती त कोन पाह्यलं असतं? तुही माय अन् बकरी. तिथं सारं गाव येते. जो येते थो इचारते, कोनाची हाये बॅग? मी सांगतो, माह्या पोराची. त्याइच्याच ओसरीत उभा राहून सांगतो."

 इंद्रभान तांब्याभर पाणी प्यायला. बापाने ती बॅग मालकाला वाहिली असं तो धरून चालला होता, वाटभर त्याच रागाने तो पेटला होता. आणि हा म्हातारा तर... पण मग तो दोर वळतानाचा मानेचा डोल?

"पन पाटील त म्हंतात, आमचाच हाये थो. थे ऐकू नाई येत तुले?"

"येते नं."

"मंग?"

"म्हनू दे. म्हनल्यानं काय झिजतं आपलं?" उकंडराव जमिनीवर बोट फिरवत होते. मग जरा हळू म्हणाले, "बरं वाटते रे, कोनी आमचा म्हनलं की. तुले नाई वाटत?"

मायने चुलीत फुंकर घातली. इंद्रभानने रिकामा तांब्या उगाच पुन्हा तोंडाला लावला. मग त्याने मूळ गोष्टीला हात घातला.

"उद्या अखजी हाये, बा. यंदा साल धरू नको. आजच चाल माह्यासंगं. मायलेही घेऊ."

"खामगावात काय करू मी?"

"काही करू नको. बसून राह्य."

"बसाले येत नाई मले," उकंडराव म्हणाले, अगदी साधेपणाने, जसं पोहता येत नाही म्हणावं.

आणि मग त्यांनी विषयच बदलला, की बदलला नाही, ते इंद्रभानला नंतरही उलगडलं नाही. मुंबईच्या एजंटाचं काय झालं, कोणत्या इमानातून जाणार, असं विचारलं. त्याने सांगितलं. दोन कंपन्या, एक धरून राहायची, मग ते कसं ओळखतात, काय काय देतात. म्हातारा लक्ष देऊन ऐकत होता, बैलाच्या बाजारात ऐकावं तसा.

"म्हंजे साल," उकंडराव म्हणाले.

"साल नाई, बा. गिऱ्हाईक हाये मी. पैसे देऊन बसतो."

"हाव, हाव. घोंगडी देतात का?"

"देतात. उतरतानी परत घेतात."

उकंडराव मनापासून हसले, दात नसलेलं हसू, खांदे हलवत. "मंग आमचा मालक बरा. वापस नाई मांगत." मायही चुलीकडून हसली, आणि इंद्रभानलाही हसू आलं, आणि ते हसू तोंडावर असतानाच बापाने विचारलं, "मधात सोडाले येते का?"

त्याने एजंटला हे विचारलं नव्हतं. पुढची खुर्ची विचारली, गार खोली विचारली, सोडायचं कसं ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन पिढ्या साल धरलेल्या घरातल्या माणसाला हे एवढं सुचायला हवं होतं.

"पाहू उद्याच्याले," निघताना उकंडराव म्हणाले, आणि सवयीने पाटलांच्या ओसरीच्या दिशेला लागले, दोर अर्धा राहिला होता.

इंद्रभान एकटाच परत निघाला, आणि संग्रामपूरच्या पोस्टात ट्रंक कॉल लागायला बराच वेळ गेला. उन्हं कलली होती. भिंतीशी लांबलचक बाकडं, त्यावर कोणी नव्हतं. मनाशी त्याने दहा वेळा ठरवलं — निळी. मग लाल, निदान दही तरी. मग पुन्हा निळी, कारण तिथे आडनाव विचारत नाहीत... पण दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खेपेला तिथेही ओळखतीलच की. त्यासाठीच तर कायम राहायचं. ओळखतील, नाव घेतील, म्हणतील हे आमचेच, आणि माझी मान... बाची मान कशी डोलली होती ती त्याला पुन्हा दिसली, आणि या खेपेला राग आला नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. या खेपेला त्याला आपली स्वतःची मान दिसली, फोर्टातल्या पंख्याखाली तशीच डोलणारी.

"मुंबई घ्या," पोस्टमास्तर म्हणाले.

खरखरीतून एजंटचा आवाज आला, दूर, पण गुळगुळीत. "बोला तायडेसाहेब. कोणती धरायची?"

"एक विचारायचं होतं," इंद्रभान म्हणाला. "एकदा धरली, की मधे सोडता येते का?"

 पलीकडून हसू आलं. "साहेब, तुम्हाला काय कोणी बांधून ठेवलंय? केव्हाही सोडा. पण खरं सांगू का, सोडत कोणी नाही."

 इंद्रभानने ऐकलं, आणि नकळत हो म्हटल्यासारखी मान हलली. फोनवर मान दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं तरी हलली. "हॅलो, साहेब? मग कोणती?" एजंट विचारत होता. पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, "लंबी बात दिसते. बसा नं साहेब, बाकडं रिकामंच हाये," ते म्हणाले. इंद्रभानने बाकड्याकडे पाहिलं. मग खाली. पाटलांपुढे बा उभा राहायचा तसा, एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून, पाठ खांबाला लावून तो उभा होता, रिसीव्हर दोन्ही हातांत छातीशी धरून. आणि बसावं असं मनात येऊनही त्याचे गुडघे काही केल्या वाकेनात.