निळ्या पेटीचा नळ

चैत्रालीने किटलीतलं कढत पाणी निळ्या कूलबॉक्समध्ये ओतलं आणि उकिडवं बसून नळाकडे पाहिलं. पितळेच्या नव्याकोऱ्या नळाच्या मुळाशी एक थेंब जमला, लोंबला आणि अंगणातल्या फरशीवर पडला. मागोमाग दुसरा.

"गळतंय," श्यामलाबाई म्हणाल्या. शाल लपेटून त्या किचनच्या पायरीवर बसल्या होत्या.

"दिसतंय मला, आई."

"दिसतंय ना? मग बरं. मला वाटलं, इंजिनीयर लोकांना सांगावं लागतं."

त्यांची ही सून ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात पंखांचं काम करत होती, आणि शनिवारी सुट्टीच्या दिवशी पिकनिकच्या पेटीला भोक पाडून बिअरची तयारी. आल्या आल्या हे कळलं तेव्हा श्यामलाबाईंनी कपाळाला हात लावला होता. आमच्याकडे दारू गाळणाऱ्याच्या दारात पोलीस येतात, असं त्यांनी सुनावलं. "इथे शेजारी येतात, आई. आपापले ग्लास घेऊन," असं उत्तर आलं. उलटून बोलणारी सून त्यांना मनातून आवडली होती. तोंडाने कबूल करायचा प्रश्नच नव्हता.

पण गेला आठवडाभर घराची वाचाच बसली होती. पुण्याच्या ऑफिसात परत जायला त्यांचा मुलगा परीक्षित परस्पर होकार देऊन आला. बायकोला त्याने ते जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. चैत्रालीने ऐकलं, ताट उचललं, आणि तेव्हापासून दोघांत शब्द नाही. काही अडलंच तर एकाच घरात बसून फोनवर मेसेज पाठवायचे. खाली तिचा फोन टुणकन वाजला की वर त्याचा. परीक्षितची उशी वरच्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये गेली होती, सुटकेसांच्या शेजारी. गादी मऊ आहे, पाठ दुखते, म्हणाला. त्याच्या पाठीला तेल लावून लावून श्यामलाबाईंचे तळवे झिजले होते. ती पाठ कशाने दुखते आणि कशाने नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

श्यामलाबाईंचं परतीचं विमान जवळ आलं होतं. हे असं मुकं घर मागे टाकून जायचं, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"ह्यात शिजवायचं काय असतं?" त्यांनी विचारलं.

"शिजवायचं नाही. मोड आणून वाळवलेला सातू असतो ना, तो भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचा. पेटीत ऊब टिकते. मग नळातून गोड पाणी काढून घ्यायचं."

"म्हणजे पेज."

"पेजच. पुढे तिची बिअर होते." चैत्रालीने पाणी ओतून टाकलं आणि पान्हा उचलला. "आतला नट धरला तर बाहेरून पकड येत नाही, बाहेरून आवळावं तर आतला फिरतो. जरा हात लावता का?"

श्यामलाबाई उठल्या. पदर खोचून त्यांनी पेटीत हात घातला आणि पान्ह्याने नट धरला. चाळीस वर्षं खानावळीची कणीक तिंबलेला हात तो. चैत्रालीने बाहेरून नळ आवळायला घेतला. आत रबराची चकती दबत गेलेली श्यामलाबाईंना बोटांत कळली. आणखी अर्धा फेरा, की काम फत्ते.

वर बॉक्सरूमच्या खिडकीचा पडदा हलला. त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि मूठ सैल सोडली.

पान्हा खणकन पेटीच्या तळाशी पडला.

"राहू दे. माझ्याच्यानं नाही होत."

चैत्राली बघतच राहिली. हे वाक्य तिने या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीये? हातात जोर उरला नाही, एवढंच." मग मान वळवून त्यांनी वर हाक दिली. "परीक्षित, खाली ये. मला जमत नाही हे."

आवाजात जोर नव्हता असं कुणी म्हणालं नसतं. तो मोज्यांवरच धावत खाली आला.

"काय झालं? काय धरायचंय?"

"मला काय विचारतोस? माझी शाळा तिसरीत सुटली. जिची पेटी आहे तिला विचार."

तो ओल्या फरशीवर पेटीपाशी उकिडवा बसला.

"काय धरू?"

"आतला नट," चैत्राली नळाकडे बघत म्हणाली. "फिरू देऊ नकोस."

श्यामलाबाई गुडघ्यावर हात ठेवून, लागत होता त्याहून जास्त वेळ घेत, किचनमध्ये गेल्या. दार त्यांनी लोटलं, खिडकी उघडी राहू दिली.

"डावीकडे नको."

"डावीकडे कुठेय?"

"तुझी डावी नाही, माझी."

मग बराच वेळ नुसती पान्ह्याची करकर. श्यामलाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मला विचारायचं होतंस, परीक्षित."

करकर थांबली.

"हो."

"आधी विचारायचं होतंस."

"हो. सोमवारी सांगतो त्यांना, की अजून काही ठरलेलं नाही."

"ते नंतर बोलू. आता धर नीट."

पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला. श्यामलाबाई कान देऊन ऐकत होत्या. थेंबाचा आवाज येईना. बाहेर चैत्राली काहीतरी पुटपुटली आणि परीक्षित हसला, नाकातून, लहानपणी हसायचा तसा.

श्यामलाबाईंनी खुर्ची ओढली. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली होती. कपाटातून त्यांनी लोणच्याची नवी बरणी काढली, छातीशी धरली आणि एका हिसक्यात झाकण फिरवलं. एक फोड तोंडात टाकली.

दाराशी पावलं वाजली. दोघांची.

त्यांनी झाकण लावलं, होता नव्हता तेवढा जोर लावून घट्ट आवळलं, आणि बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"एवढं झाकण उघडून द्या रे कुणीतरी," त्या म्हणाल्या.