खिळ्यावरची माझी जागा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही गुडघ्यांवर बसला आहात. समोर भिंतभर पांढऱ्या टाइल्स आहेत आणि दोन टाइल्सच्या मधे, तुमच्या करंगळीच्या नखाहूनही अरुंद, अशी एक काळी फट आहे. ती घासून झाली की पुढची. ती झाली की तिच्या पुढची. अशा फटींत माझी नऊ वर्षे गेली. मी फरशीच्या फटी घासणारा एक जुना ब्रश आहे. आता थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. तिथे मला मावशीने निवडले. फरश्या साफ करण्याची कामे घेणारी ही बाई. तिला सगळेच मावशी म्हणत. दुकानदाराने तिच्यापुढे रुंद, रंगीत ब्रश मांडले. तिने एकेकाच्या केसांवर अंगठा दाबला. ज्यांचे केस दबले ते दबूनच राहिले, ते ब्रश बाजूला. तारेच्या ब्रशला तर तिने हातही लावला नाही.

"हा मळ काढत नाही हो, फटीतलं सिमेंटच खातो," ती म्हणाली.

माझे केस नायलॉनचे, ताठ. दाबून सोडले की पुन्हा उभे राहणारे. डोके फटीत शिरेल इतके निमुळते. "रंग काही बरा नाही मेल्याचा," ती हसली, "पण कामाचा दिसतोय."

एवढेच काय ते माझे कौतुक. पुढे लोक म्हणत, "वा, फरशी काय चमकतेय!" फरशीने काय केले होते? ती नुसती पडून होती.

मावशीच्या दोन सवयी होत्या. नवीन वस्तू असो वा नवीन जागा, आधी दारामागच्या कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, थोडे घासून बघायचे. आणि काम संपले की मला कोमट पाण्यात धुऊन, झटकून, केस खाली करून खिळ्याला टांगायचे. कितीही दमली तरी ती हे विसरत नसे.

मग तिचे मनगट दुखू लागले आणि मी तिच्या धाकट्या बहिणीच्या हाती गेलो. धाकटी वाईट नव्हती, मित्रांनो. तिला घाई असे. काम संपले की ती मला बादलीतल्या साबणाच्या पाण्यात तसाच उभा करून ठेवी, केसांवर. तुम्हाला कुणी रोज डोक्यावर उभे केले तर? माझे केस हळूहळू दोन्हीकडे फाकले. मी फटीत शिरायचे सोडून टाइलवरून घसरू लागलो.

अशातच पोहण्याच्या तलावाच्या न्हाणीघराचे काम आले. हे काम दर महिन्याचे, दोघी बहिणींचा सगळ्यात मोठा आधार. तिथल्या व्यवस्थापकांनी सकाळीच बजावले, "पाच वाजता बघायला येतो. फटी काळ्या दिसल्या तर पुढच्या वेळी दुसरी माणसं बोलावीन."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून धाकटीची मुलगी बरोबर आली होती. तिला घरात 'साहेब' म्हणत, कारण ती सगळ्यांच्या कामाची तपासणी करी. धाकटीने मला फटीवरून दोनदा फिरवले, वैतागून बादलीत टाकले आणि पिशवीतून नवा कोरा तारेचा ब्रश काढला.

"मावशीने कोपऱ्यात बघायला सांगितलंय," साहेब म्हणाली.

"कोपरा बघत बसले तर पाच इथेच वाजतील!"

"मग मी बघते. तू साबण कालव."

तिने दारामागे पाच-सहा वेळा तार फिरवली. फट पांढरीशुभ्र झाली. धाकटीचा चेहरा उजळला. पण साहेबने फटीवरून बोट फिरवले, तेव्हा करड्या भुकटीने बोट माखले आणि नख आत रुतले.

"आई, हा मळ नाही. भिंतच निघतेय."

धाकटीने तारेचा ब्रश तिच्या हातून काढून घेतला. मग तिने बहिणीला फोन लावला. मावशी दुखरे मनगट बांधून आली. तिने कोपरा पाहिला आणि एवढेच विचारले, "म्हातारा कुठाय?"

मी बादलीत होतो. माझी दशा तिने पाहिली. तिने मला गरम पाण्यात बुडवले, केस बोटांनी सरळ केले, दोऱ्याने घट्ट बांधले आणि ते गार होईपर्यंत तासभर ठेवले.

"एवढा वेळ कुठून आणायचा, ताई?" धाकटी रडकुंडीला आली.

"रोज दोन मिनिटं दिली असतीस, तर आज तास लागला नसता. बस आता गुडघ्यावर."

मी पूर्वीसारखा झालो नाही. खोटे कशाला सांगू? पण फटीत शिरू लागलो. पाचला व्यवस्थापक आले तेव्हा तीन भिंती स्वच्छ होत्या आणि चौथी काळीच होती. धाकटीने स्वतःहून दारामागचा कोपराही दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग तिन्ही भिंतींच्या फटींवरून बोट फिरवले.

"कोपरा भरून द्या. चौथी भिंत उद्या," ते म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यातही तुम्हीच या."

मित्रांनो, अवजार निवडताना त्याचा रंग बघू नका, ते कामाला येईल का ते बघा. आणि काम झाल्यावर ते टाकून देऊ नका. आम्हाला फार काही लागत नाही. थोडे पाणी आणि एक खिळा.

घरी पोहोचेपर्यंत दोघींच्या अंगात त्राण उरले नव्हते. बोलता बोलता धाकटीने मला पुन्हा बादलीत उभे केले, सवयीने. मावशीचेही लक्ष नव्हते. साहेबने मात्र पाहिले. ती उठली, मला धुतले, झटकले, बादली पालथी घालून तिच्यावर चढली आणि केस खाली करून मला खिळ्याला टांगले. मग माझ्या केसांवर अंगठा दाबून सोडला, आणि ते उभे राहतात का, हे बघत थांबली.