नव्वदच्या पुढे

रायाच्या सणाला, म्हणजे ईदला, दोन दिवस उरले होते आणि बेंतोंगच्या चढावर बसेसची रांग लागली होती. वाहतूक खात्याची निरीक्षक कमारिया रोज्याच्या उपाशी पोटी, डोक्यावर ऊन घेत एकेक बस बाजूला घेत होती. नवा हुकूम साधा होता: प्रत्येक बसला वेग रोखणारा स्पीड गव्हर्नर हवा आणि तिने ताशी नव्वदची मर्यादा ओलांडता कामा नये. ही ड्यूटी कमारियाने मागून घेतली होती. डोंगरात एकदा बस दरीत गेली तेव्हा झाडीतून मुलांच्या चपला गोळा करणाऱ्यांत ती होती.

कोटा भारूच्या एका बसची कागदपत्रं चोख निघाली. तरी ती ड्रायव्हरशेजारी बसली आणि त्याला काका म्हणून हाक मारत म्हणाली, "पाकचिक, जरा पुढपर्यंत जाऊन येऊ. दाबा पूर्ण."

वान रोस्ली नावाच्या त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने पाय दाबला. काटा नव्वदवर अडला नाही, पार एकशेदहापर्यंत गेला. परत आल्यावर तिने वाकून सीटखाली हात घातला, तर बोटांना एक लपवलेली, बटणासारखी कळ लागली. खाली केली की गव्हर्नर चालू, वर केली की बंद.

"ही कुणी बसवली?"

"मालकाला विचारा, पुआन." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "वेळापत्रक जुनंच आहे. नव्वदने गाठून दाखवा कोटा भारू. उशीर झाला की फेरी दुसऱ्याला. घरी चार तोंडं आहेत माझ्या."

"आणि मागे चाळीस बसलीत, त्यांचं काय?"

तिने बस थांबवून ठेवली.

प्रवासी खाली उतरले तेव्हा तिला वाटलं होतं, कुणीतरी निदान घाबरेल.

"ओ कक, ओ ताई, रोजा घरी सोडायचाय आम्हाला! इथे रस्त्यावर सोडू का?" एकजण ओरडला.

"तुमचं घर जवळ असेल, आमचं नाही!" कडेवर बाळ घेतलेली एक बाई म्हणाली.

"अहो, ही बस दरीत गेली तर..." कमारिया सांगू लागली.

"अल्लाच्या मनात असेल ते होईल. तुम्ही सोडा ना!"

कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. तासाभरात वरून फोन आला. साहेब आवाज चढवून बोलले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "कमारिया, सण आहे. सगळीकडे तुझाच व्हिडिओ फिरतोय. ताकीद दे आणि सोड. आणि तपासणी आता सणानंतर."

"साहेब, सोडण्याच्या कागदावर माझी सही होणार नाही."

"मग हाफिझची होईल."

हाफिझ तिचाच सहकारी. त्याने मान खाली घालून सही केली. बस हलली तेव्हा आतून ड्रायव्हरसाठी टाळ्या वाजल्या.

रस्ता अडवायचे शंकू गोळा करून गाडीत भरत असतानाच मुलीचा फोन आला. इज्झती शाह आलमला शिकत होती आणि आजीकडे कुआला क्राईला निघाली होती.

"माक, ट्रेन भरलेली होती गं. बस मिळाली. तुझ्याच रस्त्याने येतेय."

"कुठली बस?"

मुलीने नाव सांगितलं. मघाच्याच बसची कंपनी.

"उतर तिथून! पुढच्या स्टॉपला उतर, ऐकतेस ना?"

"काहीतरीच काय, माक? मग जाऊ कशी? हिची तिकिटं मिळत नाहीत. लवकर पोचते म्हणून सगळे हीच घेतात."

कमारिया रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. बस आली तशी तिने हात वर केला. तपासणी तर बंद झाली होती; अडवायला नाही, तर मग कशाला, हे तिचं तिलाच कळलं नाही. बसचा वेग कमी झाला नाही. खिडकीतून मुलीने हसून हात हलवला आणि वाऱ्याच्या झोताने कमारियाच्या डोक्यावरचा तुदुंग फडफडला. काटा कुठे असेल, हे तिला न बघताही कळत होतं.

ती घरी गेली, तिने एका खजुराने रोजा सोडला. फोन समोर ठेवून ती बसून राहिली. अखेर तो वाजला.

"पोचले! अर्धा तास आधी! ड्रायव्हर काय मस्त होता माक, आजी अजून मशिदीत तेरावीहच्या नमाजाला गेलेली होती. आणि ऐक, परतीचं तिकीटही याच बसचं काढून टाकलंय."

कमारियाच्या ओठांवर खूप काही आलं.

"बरं," ती म्हणाली. "जेवलीस का?"