बरणीतली कातडी

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. तापातून उठलेली पोरं, त्यांच्या आया, दाराशी चपलांचा ढीग आणि पुढे टेबलावर एक काचेची बरणी. बरणीत मुलांच्या बोटांची सोललेली कातडी. तापावर लेप लावणारे लेपकाका ती बरणी उंच धरायचे आणि अख्खा हॉल हात जोडायचा.

"औषधाने हा ताप दबतो, जात नाही," लेपकाका सांगत होते. "मी त्याला हाडातून कातडीत आणतो आणि कातडीतून बाहेर काढतो. मोठमोठे डॉक्टर विचारतात, काका, कसं करता? मी म्हणतो, मी कुठे करतो, लेप करतो."

मी विज्ञान शिकवते. दिवसभर शाळेत घसा कोरडा करायचा आणि संध्याकाळी घरच्यांपुढे पुन्हा तेच, याचा मला आता अगदी वीट आलाय. पण टिल्ली माझी भाची, सख्ख्या भावाची मुलगी. तिला सोडून कुठे जाणार?

गावात सर्दी-खोकल्याची साथ आली, आमच्या घरातही येऊन गेली. सगळे बरे झाले, टिल्लीही झाली. मग काही आठवड्यांनी गावातल्या बऱ्याच पोरांसारखा तिलाही सणकून ताप भरला. डोळे लालभडक, ओठ फुटलेले, अंगभर पुरळ. हॉस्पिटलात उपचार झाले, ताप उतरला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं की विषाणू केव्हाच गेला, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची ताकद आता शरीरावरच उलटली आहे. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी सुजून फुगली आहे. त्या फुगीर जागी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी रोज द्यायची, ताप नसला तरी.

लेपकाकांनी ती गोळीच बंद करायला लावली. लेपाला म्हणे औषध नसलेलं अंग लागतं. वहिनीने हे सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी भावाला जाब विचारला. भाऊ म्हणाला, ताप उतरलाय ना, मग वाद कशाला? तो लेपाच्या आधीच उतरला होता, मी म्हटलं. ऐकतंय कोण. शेवटी मीही त्यांच्याबरोबर इथे आले.

रांगेत उभ्या उभ्या एक लक्षात आलं. काका आधी प्रत्येक मुलाच्या कपाळाला हात लावत. अंग गरम लागलं, तर "ताप अजून पिकला नाही, उतरला की आणा." गार लागलं, तर लेप. वा रे वैद्य. जे आपणहून उतरणीला लागलंय, तेवढंच हा बरा करणार. लाल डोळ्यांच्या एका तापलेल्या मुलाला त्याची आई घरी परत नेत होती. मी तिला म्हटलं, सरळ हॉस्पिटलात जा. ती माझ्याकडे संशयाने बघत निघून गेली.

टिल्लीचा नंबर आला. काकांनी तिच्या बोटाच्या टोकाची सुटलेली कातडी अलगद ओढून सगळ्यांना दाखवली. वहिनीचे डोळे भरून आले.

"माझ्या पायाचीपण निघतेय," टिल्ली म्हणाली.

"निघणारच बेटा. लेपाचा गुण आहे."

"पण पायाला तुम्ही लावलाच नाही."

तिने तिथेच बसून मोजा काढला. अंगठ्याची कातडी नखापासून सुटून लोंबत होती. लेप रक्तातून खाली उतरतो, काका म्हणाले. आता मात्र मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "ज्यांच्या मुलांना अजून लेप लागलेला नाही, त्यांनी बोटं बघा."

आयांनी बघितली. पहिल्यांदाच आलेल्या कितीतरी पोरांची नखांशेजारची कातडी सुटायला लागली होती. या आजारात ताप आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बऱ्याच मुलांची ती आपोआप निघते, लेप लावा नाहीतर नका लावू.

मला वाटलं, आता हॉल रिकामा होईल. तीन-चार आया उठल्या. बाकीच्या पुढे सरकल्या, जागा झाली म्हणून.

उठलेल्यांत वहिनी होती. हॉस्पिटलात टिल्लीच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. गुठळी नव्हती, फुगवटा मात्र तसाच होता. गोळी पुन्हा सुरू झाली. वहिनीने भीत भीत विचारलं, "काही झालं असतं, तर आम्हाला कळलं असतं ना?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खेळता खेळता एकदम कोसळली असती."

भाऊ भिंतीला टेकून रडला.

सोललेली कातडी दिसते, सुजलेलं हृदय दिसत नाही, म्हणून सांगते. ताप उतरला तरी तपासणी चुकवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. लेप लावायचाच असेल तर लावा बाबांनो, भांडायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. पण आधी गोळी द्या.