तेलाशिवाय एक्केचाळीस मिनिटं

मर्लनं पाना दोनदा फिरवला, बोटांनी बोल्ट काढून घेतला आणि ट्रकच्या पोटातलं काळं तेल खालच्या घमेल्यात पडू लागलं. आधी अंगठ्याएवढी धार होती, मग करंगळीएवढी झाली, मग नुसते थेंब. कठड्याच्या आत, मैदानाच्या अगदी कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेली आयडेला वाइसब्रोड शेवटचा थेंब पडेपर्यंत पाहत राहिली.

"पाणीही काढलं रे?" कुणीतरी वरच्या बाकांवरून विचारलं.

"सकाळीच," मर्ल ट्रकखालून म्हणाला.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी, ट्रॅक्टर ओढण्याच्या शर्यतीआधी, गावचं अग्निशमन दल दरवर्षी हा खेळ लावायचं. कुणीतरी दिलेली जुनी गाडी मैदानाच्या मधोमध उभी करायची, तिच्यातलं तेल-पाणी काढून टाकायचं, ॲक्सिलरेटरवर वीट ठेवायची आणि इंजिन किती मिनिटांत मरतं ते पाहायचं. पाच डॉलरच्या तिकिटावर जो तो आपला आकडा लिहायचा. ज्याचा आकडा सगळ्यात जवळचा, त्याला अर्ध्या डुकराचं मांस, कापून, बांधून. जमलेल्या पैशांतून दलाला नवे पाइप यायचे. पश्चिम नेब्रास्कातल्या त्या गावात याला कुणी वाईट म्हणत नसे. आयडेलानंही कधी म्हटलं नव्हतं.

या वर्षीचा ट्रक तिचा होता. अठ्ठ्याहत्तर सालचा फोर्ड, मूळचा हिरवा, आता कुठल्याच रंगाचा नाही.

"मंडळी, आत सहा सिलिंडर आहेत," भोंग्यावरून डेनी सांगत होता. जत्रेत बोलायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होतं. "आठाचं इंजिन असतं तर जरा गर्जना तरी ऐकली असती आपण. आता काय मिळेल ते गोड मानून घ्या."

बाकांवर हशा पिकला. आयडेलाला तो ओळखीचा होता. तिचा नवरा वेंडेल आठ सिलिंडरचा ट्रक आणायला म्हणून गेला होता आणि विक्रेत्याकडे तेवढा एकच उभा होता म्हणून सहाचा घेऊन आला होता. आठवडाभर त्यानं तो धान्याच्या कोठाराआड लावला. तरी शेजाऱ्यांनी पाहिलाच. शिवणयंत्र आणलं म्हणून त्याला चिडवायचे. चिडवणाऱ्यांचे आठाचे ट्रक एकेक करून भंगारात गेले, वेंडेलही गेला, आणि त्याच्यामागे अठ्ठावीस वर्षं तिनं वासरं, गवताचे भारे, पाण्याच्या टाक्या, कुंपणाचे खांब, सगळं त्याच ट्रकमधून वाहिलं.

कर्टिस मैदान ओलांडून तिच्याकडे आला. दलाचा प्रमुख म्हणून त्यानं पांढरा शर्ट घातला होता, छातीवर बिल्ला होता. पन्नाशीला आलेला हा तिचा एकुलता एक मुलगा.

"आई, उन्हात कशाला बसलीस? वर सावलीत चल."

"इथून बरं दिसतं."

"मी तुला विचारलं होतं. मार्चमध्ये. तू म्हणालीस, काय करायचं ते कर."

"म्हणाले होते."

तो क्षणभर घुटमळला आणि परत गेला. खोटं बोलत नव्हता तो. तेव्हा ती त्याच्या घरी, पाय प्लॅस्टरमध्ये घालून टीव्हीसमोर बसलेली होती. ट्रक देऊन टाकू का, असं त्यानं विचारलं, आणि तिनं मान न वळवता उत्तर दिलं. देऊन टाकायचा म्हणजे कुणाला तरी वापरायला, असं तिला वाटलं. हा खेळ तिला जत्रेच्या फलकावर वाचून कळला.

दलातल्या एकानं आत वाकून किल्ली फिरवली, वीट ठेवली आणि उडी मारून बाजूला झाला. इंजिन किंचाळलं. डेनीनं घड्याळ सुरू केल्याचं जाहीर केलं.

पहिली पाच मिनिटं लोक ओरडत होते. सहाव्या मिनिटाला बॉनेटच्या फटींतून निळा धूर आला आणि सहा लिहिणारे उठून उभे राहिले. इंजिन चालू राहिलं. नऊवाले उठले, बसले. बाराव्या मिनिटाला एक्झॉस्टचा लोखंडी भाग उन्हातही लाल दिसू लागला. रंगाचा, रबराचा जळका वास मैदानभर पसरला.

मर्ल हात पुसत येऊन तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला. चाळीस वर्षं गावातल्या गाड्या त्यानंच दुरुस्त केल्या होत्या.

"माझ्यावर रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला? तू पाना धरलास. ट्रक मी दिला."

मर्लनं कान इंजिनकडे लावला. "हेच इंजिन मी विहिरींवर पाहिलंय, सामान पोचवणाऱ्या गाड्यांत पाहिलंय, लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात पाहिलंय. आत ना साखळी, ना पट्टा. दात्याला दाता. कंपनीनं बनवायचं बंद करून पंचवीसेक वर्षं झाली. याचा फोटो भिंतीवर लावलेला मात्र एकही माणूस मला भेटला नाही."

"तू किती लिहिलंस?"

"मी तिकीट नाही घेतलं," मर्ल म्हणाला.

विसाव्या मिनिटापर्यंत बाकांवरची बहुतेक तिकिटं निकामी झाली होती. लोक आता ओरडत नव्हते. सगळ्यात मोठा आकडा अठ्ठावीस होता. बँकेतल्या एका बाईंनी मुलाच्या वयावरून तो लिहिला होता. अठ्ठावीस मिनिटं उलटली तेव्हा डेनीनं त्यांना विजयी म्हणून जाहीर केलं, टाळ्या पडल्या आणि खेळ खरं तर संपला.

इंजिन संपलं नव्हतं. त्याचा आवाज बदलला होता. आत कुणीतरी हातोडीनं ठोकतंय असा एक ठोका त्यात आला होता, पण तो ठोकाही न चुकता पडत होता.

बत्तीस. पस्तीस. कठड्यापलीकडे शर्यतीचे ट्रॅक्टर येऊन उभे राहिले होते. बाकांवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंडळी, याचा काहीतरी निकाल लावायला हवा," डेनी म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

दलातला एक जण फळीचा तुकडा घेऊन आला आणि कर्टिसकडे पाहू लागला. फळी कार्बुरेटरवर दाबून धरली की हवा तुटते आणि इंजिन गुदमरतं. कर्टिसनं बॉनेटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली.

आयडेला उठली. काठी खुर्चीलाच टेकवलेली राहिली. तुटून जुळलेला पाय तिला घाई करू देत नव्हता, त्यामुळे ती ट्रकपाशी पोचेपर्यंत सगळ्या मैदानाला ती दिसली होती.

"ती फळी खाली ठेव, बाळा," ती त्या माणसाला म्हणाली.

"आई, मागे हो. तापलंय ते. फुटलं तर?"

"नियम काय होता, कर्टिस?"

"लोक खोळंबलेत."

"तेल काढायचं, पाणी काढायचं. तेवढाच ना? ते झालं. गळा दाबायचा असं कुठे लिहिलं होतं?"

कर्टिस जवळ आला. इंजिनाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "तू दिलायस हा ट्रक. काय करायचं ते कर, म्हणालीस."

"म्हणाले होते. आता नाही म्हणते."

तिनं दार उघडलं. मूठ भाजत होती, म्हणून झग्याचं टोक हातात धरून उघडलं. आत वाकून वीट बाहेर टाकली. किंचाळणं उतरत उतरत खाली आलं आणि इंजिन आपल्या नेहमीच्या चालीवर आलं, धापा टाकत, ठोका देत, पण चालीवर. बंद पडेल म्हणून सगळे वाट पाहत राहिले. तिनंही पाहिली. मग तिनं स्वतःच किल्ली फिरवून ते बंद केलं.

एक्केचाळीस मिनिटं झाली होती. डेनीनं ती भोंग्यावरून सांगितली.

ट्रक बाहेर ओढायला ट्रॅक्टर जोडायचा होता. पण टोपी काढलेला म्हातारा आधीच मैदानात उतरला होता आणि दोन्ही हात ट्रकच्या मागच्या बाजूला लावून उभा होता. त्याच्यामागून आणखी सात-आठ जण आले, दलातले तिघे आले. फळीवालाही त्यांत होता. ढकलत ढकलत त्यांनी ट्रक कुंपणाबाहेर, पॉप्लरच्या झाडाच्या सावलीत नेऊन लावला.

"दोन तास हात लावायचा नाही," मर्लनं बजावलं. "आत्ता गार पाणी ओतलं तर उभा तडकेल." तो तेल आणायला गेला.

आयडेला गवतावर खुर्चीत बसली. मैदानात ट्रॅक्टर गुरगुरत होते. बऱ्याच वेळानं कर्टिस कोबी आणि मांस भरलेले दोन पाव कागदात गुंडाळून घेऊन आला. एक तिच्या हातात दिला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसला, पांढऱ्या पँटची पर्वा न करता.

"हा ट्रक मेला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "खरं सांगतो."

"कळलं मला ते. मान हलवलीस तेव्हाच."

"अकरा तास, आई. अकरा तास तू त्यात होतीस. मी आलो तेव्हा दार बर्फानं चिकटलं होतं. पहारीनं उघडलं मी. आत तू असशील की—" त्यानं पाव कागदावर ठेवला. "हा चालतोय तोवर तू मळ्यावर एकटी राहायला जाणार. मग पुढच्या जानेवारीत मी परत पहार घेऊन येणार."

ती जानेवारीची गोष्ट त्या दोघांनी एकमेकांशी कधी बोलून पाहिली नव्हती. मळ्यावरच्या घराच्या अंगणात ती घसरून पडली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. घराच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, वादळ अंगावर येत होतं, आणि ट्रक वीस पावलांवर होता. कोपरांवर सरपटत ती तिथवर गेली, हातांनी स्वतःला वर ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली.

"तुला ते अकरा तास पहारीपासून आठवतात," ती म्हणाली. "मला आतून आठवतात. काच बोटभर खाली घेतली होती. हीटर चालू होता. दर थोड्या वेळानं मी कान देऊन ऐकायचे. एकदाही चुकलं नाही रे ते. बाहेर उणे वीस होतं, आणि ते आपलं चालत होतं."

कर्टिसनं कागदावरचा पाव पुन्हा उचलला.

"सोमवारी मला त्या वृद्धाश्रमाच्या कागदावर सही करायला नेणार आहेस ना?"

"खोली चांगली आहे, आई. खिडकी आहे."

"असेल. मी सही करणार नाही. काय करायचं ते कर, असंही आता म्हणणार नाही. तेव्हा म्हणाले ती माझी चूक. पाय मोडला होता म्हणून बाकीचं सगळंही मोडलंय असं मला वाटलं होतं."

"पडलीस तर?"

"पडेन. पडणारच कधीतरी. पण तुझ्या त्या खिडकीत बसून नाही पडणार."

उन्हं कलली. मर्ल तेलाचे डबे आणि पाण्याची बादली घेऊन आला. बॉनेटवर तळहात ठेवून त्यानं अंदाज घेतला, तेल ओतलं, मग पाणी, थोडं थोडं. इंजिनाचं तोंड पुसून तो मागे सरला.

"मी कसलाच शब्द देत नाही," तो म्हणाला. "गार झाल्यावर बहुतेकदा इंजिन आतून आवळून बसतं, फिरतच नाही."

आयडेला चढून आत बसली. कर्टिसनं तिच्या कोपराला हात दिला. तिनं तो घेतला. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा एक जड हुंकार आला आणि थांबला. दुसऱ्यांदा तोच. तिनं पाय उचलला, थोडी थांबली, काचेतून समोरच्या झाडाकडे पाहत. तिसऱ्यांदा इंजिन एक गिरकी घेऊन अडलं, दुसरी घेतली, आणि पेटलं. मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि मर्ल खोकत बाजूला झाला.

"ठोका आहे आत," तो खिडकीतून म्हणाला. "बेअरिंगचा असणार. जाणार नाही तो आता."

"माझ्या गुडघ्यांचाही येतो."

तिनं पहिला गिअर टाकला. ट्रक हलायच्या आत पलीकडचं दार उघडलं आणि कर्टिस येऊन शेजारी बसला. त्याचा पांढरा शर्ट तेलानं डागाळला होता. जत्रेच्या फाटकापाशी डावीकडे गाव होतं, त्याचं घर होतं, आठ महिने ती झोपत होती ती खोली होती. उजवीकडे कच्चा रस्ता गव्हाच्या कापलेल्या शेतांमधून चौदा मैल वर, तिच्या मळ्यापर्यंत जात होता. तिनं उजवीकडचा दिवा लावला.

ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये येईपर्यंत कर्टिस ठोका ऐकत बसला होता. मग त्यानं खिशातून फोन काढून बायकोला लावला.

"आज आईचं ताट मांडू नकोस," तो म्हणाला. पलीकडचं थोडा वेळ ऐकून घेतलं. "नाही, भांडण नाही झालं." खिडकीबाहेर पाहत पुन्हा ऐकलं. "माझंही नको."