शनिवारचा तास

पालिकेची शाळा आणि कॉलेज यांच्यात करार झाला. दहावीच्या मुलांनी दर शनिवारी कॉलेजात येऊन एका तासाला बसायचं, म्हणजे पुढे त्यांना कॉलेजची भीती वाटणार नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या तासाला चार टाळकी यायची, तीही पंख्याखाली डुलक्या काढायला.

पहिल्या शनिवारी ते नेहमीसारखे उशिरा वर्गात शिरले आणि अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. प्राचार्य आले की काय, म्हणून प्राध्यापकांनी दचकून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"बसा," ते चाचरत म्हणाले आणि जुन्या नोट्स वाचू लागले.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, राजा हरला हे कळलं. पण का हरला?"

नोट्समध्ये सन होता, कारण नव्हतं. "पुढच्या शनिवारी सांगतो," म्हणत सरांनी वेळ मारून नेली.

पुढच्या शनिवारी ते सकाळीच शर्टाला इस्त्री करत उभे होते. शेजारी तीन जाडजूड पुस्तकं होती.

बायकोने विचारलं, "आज काय विशेष?"

"तास आहे."

"तो तर आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे," ती म्हणाली.